धंद्याची वेबसाइट गिऱ्हाइकाला सोपी कशी करायची? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या दुकानदारांच्या, आडत्यांच्या आणि बचत गटांच्या वेबसाइटी आम्ही बनवतो. त्याहून जास्त वेळ बिघडलेल्या दुरुस्त करण्यात जातो. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी लिहून ठेवले आहेत. सोपे आधी, किचकट शेवटी. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, आमची वेबसाइट दिसायला छान आहे. मग ती वापरायला अवघड आहे असं कशावरून म्हणता?

साइटवर येणारा माणूस साइट बघायला येत नाही. त्याचं काहीतरी अडलेलं असतं: आज दुकान उघडं आहे का, अमुक वस्तू मिळेल का, कितीला पडेल, यायचं कसं. या चार गोष्टी त्याला लगेच मिळाल्या तर साइट सोपी. नाही मिळाल्या तर ती कितीही देखणी असली तरी तो मागे फिरतो आणि दुसऱ्या दुकानाला फोन लावतो.

आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. पंप आणि केबल विकणाऱ्या एका दुकानाची साइट आम्ही केली होती. उघडली की संस्थापक आजोबांचा हार घातलेला फोटो, मागे सातपुड्याची रांग, वरून सरकत येणारी अक्षरं. मालक खूश, आम्हीही खूश. फोन नंबर मात्र अगदी तळाला, तोही चित्रात छापलेला. रात्रपाळीच्या लाइटीत मोटर जळालेल्या एका शेतकऱ्याने शिवारातून तो नंबर शोधून काढला. दाबला तर फोन लागेना, कारण ते नुसतं चित्र होतं. शेवटी त्याने बायकोला आकडे वाचायला लावले आणि तिच्या फोनवरून डायल केले. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्याने जे ऐकवलं, त्यातून आम्ही जेवढं शिकलो तेवढं कुठल्या कोर्समध्ये शिकलो नव्हतो.

२. आमचं फेसबुक पेज आहे, गूगलच्या नकाशावर दुकान आहे. वेबसाइट हवीच का?

सगळ्यांना नको. चहाच्या टपरीला किंवा एका माणसाच्या सलूनला गूगलवरची फुकट नोंद पुरते. वेळ, फोन आणि फोटो नीट भरलेले असले म्हणजे झालं. ज्याच्याकडे मालाचे प्रकार बरेच आहेत, भाव बदलतात, बाहेरगावची ऑर्डर येते किंवा मोठा व्यापारी आधी खात्री करून घेतो, त्याला साइट लागते. पण अर्धवट साइटपेक्षा नसलेली बरी. जुन्या साइटवरचा नंबर बंद पडलेला असला की गिऱ्हाइकाला वाटतं दुकानच बंद पडलं.

३. पहिल्या पानावर काय ठेवायचं?

काय विकता, कुठे आहात, कधी उघडं असतं आणि पुढे काय करायचं याचं एक ठळक बटण. "आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत" या ओळीने काहीच कळत नाही. "ठिबक, पाइप आणि मोटर. चोपडा रोड, यावल. सकाळी ९ ते रात्री ८, शुक्रवारी बंद" या ओळीने सगळं कळतं.

आपोआप सरकणारे फोटो काढून टाका. पहिला वाचून होईपर्यंत दुसरा येतो, आणि तिसऱ्यापर्यंत कुणी थांबत नाही. आजोबांचा फोटो, सत्काराची शाल, मंत्र्यांसोबतचं छायाचित्र हे सगळं "आमच्याविषयी" या पानावर जाऊ द्या. तिथे त्याला मान आहे. नवख्या माणसाला दुकान किती जुनं आहे हे बघावंसं वाटतं, पण काम झाल्यावर. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर चौकात शोभतो, साइटवर तो दारात आडवा लावलेला टेम्पो होतो.

४. फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण नीट कसं लावायचं?

नंबर अक्षरात हवा, चित्रात नको, म्हणजे दाबल्याबरोबर फोन लागतो आणि कॉपीही करता येतो. लिंकमध्ये +९१ लावून पुढे दहा आकडे द्या. व्हॉट्सॲपच्या लिंकचा नियम थोडा वेगळा आहे: तिथे ९१ हवं, पण अधिकचं चिन्ह, शून्य, मधल्या रेघा, मोकळी जागा यांतलं काही नको. एवढ्याशा शून्यापायी बटण मेलेलं असतं आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो. त्याच लिंकमध्ये आधीच लिहिलेला निरोपही भरता येतो: "तुमच्या साइटवरून बोलतोय, अमुक मालाचा भाव हवा." गिऱ्हाइकाचं टाइप करणं वाचतं आणि तो कुठून आला हे तुम्हालाही कळतं.

लँडलाइन असेल तर कोड लिहायलाच हवा: जळगाव ०२५७, धुळे ०२५६२, नंदुरबार ०२५६४, भुसावळ ०२५८२. गावातल्यांना तो पाठ असतो, सुरतच्या व्यापाऱ्याला नसतो. लिंकमध्ये मात्र सुरुवातीचं शून्य काढून +९१ लावायचं.

दुपारी एक ते चार फोन उचलत नसाल तर तसं लिहा. त्यात लाज कसली.

५. सगळे मोबाइलवरच बघतात. कॉम्प्युटरवर कशी दिसते याची काळजी करायची का?

आधी मोबाइल. गूगलही शोधासाठी साइटचं मोबाइलवरचं रूपच धरतं. मोठा व्यापारी, सीए किंवा सरकारी खरेदीवाला कॉम्प्युटरवर बघतो, तेव्हा तिथे साइट मोडलेली नसावी एवढं पुरे.

बटणं बोटाच्या मापाची करा. वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि तिने दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) धरलं. अँड्रॉइडवाले ४८ सांगतात आणि आम्ही तेच धरतो, कारण आमचं गिऱ्हाईक बऱ्याचदा हात धुऊन न आलेलं असतं. लिहायच्या चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका. नाहीतर आयफोनमध्ये चौकटीवर बोट ठेवताच पान आपोआप मोठं होऊन बाजूला पळतं.

६. साइट मराठीत ठेवायची, इंग्रजीत, की अहिराणीत?

किरकोळ गिऱ्हाईक शेतकरी आणि घरसंसारी असेल तर मराठी आधी. माल राज्याबाहेर जात असेल तर हिंदी किंवा इंग्रजी दुसरी. केळीचा व्यापारी उत्तरेकडून येतो, बऱ्हाणपूर जवळ आहे, नंदुरबारला गुजरातचं गिऱ्हाईक रोजचं. या भाषा हौसेसाठी नाहीत.

अहिराणीबद्दल दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि प्रेमाने विचारतं. स्वागताची एक ओळ किंवा जाहिरातीचा व्हिडिओ जरूर अहिराणीत करा, माणूस हसतो आणि थांबतो. बटणं आणि सूचना मात्र अहिराणीत नकोत. एक तर ती वाचायची सवय कमी लोकांना आहे. दुसरं, खान्देशात एकट्या अहिराणीने भागत नाही: रावेर-यावलकडे लेवा गणबोली, शहाद्याकडे गुजरी, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात भिली आणि पावरी. प्रमाण मराठी यांतल्या बहुतेकांना वाचता येते.

भाषा बदलायचं बटण वरच ठेवा आणि प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा. बटण दाबल्यावर त्याच पानाचं भाषांतर उघडावं. मिरचीच्या पानावरून माणसाला परत पहिल्या पानावर फेकू नका. आपोआप भाषांतराचं यंत्र तर लावूच नका. एका साइटवर "हळद कांडी" या मालाचं त्याने असं काही केलं होतं की घरच्यांसमोर वाचता येईना.

७. मराठी अक्षरं तुटतात, वरच्या मात्रा कापल्या जातात, कुठे कुठे भलतीच चिन्हं दिसतात. काय करावं?

या एका प्रश्नात तीन वेगळे आजार आहेत.

भलतीच चिन्हं दिसत असतील तर मजकूर बहुधा डीटीपीवाल्याकडून आला आहे. पत्रिका आणि पॅम्फ्लेट अजून शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. त्यांत आतून रोमन अक्षरं असतात, फक्त चेहरा मराठी. साइटवर तो चेहरा गळून पडतो. मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या. त्यासाठी फुकट परिवर्तक मिळतात, पण बदलल्यावर डोळ्याखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

शिरोरेषा तुटत असेल, म्हणजे शब्द सुट्या सुट्या विटांसारखा दिसत असेल, तर डिझाइनमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं आहे. इंग्रजी साच्यांत (तयार डिझाइनांत) मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून ते केलेलं असतं. देवनागरीसाठी ते शून्य करा.

मात्रा आणि वेलांट्या कापल्या जात असतील तर ओळींमधलं अंतर कमी आहे. इंग्रजी साचा बऱ्याचदा १.२ पट धरतो, मराठीला १.६ च्या आसपास हवं, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार.

फाँट निवडताना "गिऱ्हाईक", "कैऱ्या", "ज्ञान", "श्री" आणि "विठ्ठल" हे शब्द टाइप करून बघा. ऱ्ह मधली ती अर्धचंद्राची रेघ नीट उमटली तर फाँट मराठीच्या कामाचा. "मुक्त" आणि "नोटो सान्स देवनागरी" या नावांचे फुकट मिळणारे फाँट आम्ही वापरतो. आणखी एक: पानाच्या कोडमध्ये भाषा "एमआर" अशी नोंदवा. हिंदीची "एचआय" राहिली तर पान वाचून दाखवणारी यंत्रं मराठी मजकूर हिंदी उच्चारात वाचतात, आणि काही फाँट ल, श हिंदी वळणाचे काढतात.

८. मेनूत नावं काय द्यायची? डिझाइनरने "सोल्यूशन्स" आणि "ऑफरिंग्ज" लिहिलं आहे.

गिऱ्हाईक काउंटरवर येऊन जो शब्द उच्चारतं तो लिहा. "मायक्रो इरिगेशन सोल्यूशन्स" विचारत कुणी येत नाही. "ठिबकची नळी आहे का?" असंच विचारतात. केळीची रोपं विकणाऱ्या एका माणसाने आम्हाला रोपांची यादी जातीप्रमाणे दिली होती. शेतकरी मात्र फोनवर आधी विचारायचे, "मृगबागेला द्यायची आहेत की कांदेबागेला?" जूनची लागवड की ऑक्टोबरची, यावरून त्यांचं सगळं गणित ठरतं. आम्ही मेनूत मृगबाग आणि कांदेबाग अशी दोन नावं लिहिली, जाती त्यांच्या आत टाकल्या. तो प्रश्न फोनवर येईनासा झाला.

सोपी युक्ती: आठवडाभर काउंटरवर एक वही ठेवा आणि माणूस पहिलं वाक्य काय बोलतो ते जसंच्या तसं लिहा. मेनू त्यातूनच निघतो.

साइटवर शोधायची चौकट असेल तर तिला गोंधळलेलं लिखाणही कळलं पाहिजे. लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि बिबडे (ज्वारीचे पापड), बिबड्या, बिबडी हे तिन्ही एकच असतं.

९. साइट उघडायला फार वेळ लागतो. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) महाग घ्यावं का?

दहापैकी नऊ वेळा दोष फोटोंचा असतो. लग्नाच्या फोटोग्राफरने काढलेला दुकानाचा फोटो ५ एमबीचा, तसाच चढवलेला. ज्या फोनला सेकंदाला १ मेगाबिट मिळतं, त्याला तो एक फोटो उतरवायला ४० सेकंद लागतात. तोच फोटो रुंदी १२०० पिक्सेल करून आणि वेबपी या हलक्या फाइल प्रकारात दाबून १५० केबीवर आणला तर सव्वा सेकंद. तोरणमाळच्या वाटेवर किंवा पालकडच्या घाटात रेंज किती मिळते हे तुम्हाला ठाऊक आहे.

गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, पत्ता टाकला की तपासणी होते. त्यात एलसीपी नावाचा आकडा बघा. पानावरची सर्वांत मोठी गोष्ट किती वेळात दिसली हे तो सांगतो. अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगला. पान उघडताना बटणं खाली-वर उड्या मारत असतील तर तो आजार वेगळा. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली की तो थांबतो.

१०. साइटवर भाव टाकायचा का? शेजारचा दुकानदार बघतो.

शेजारच्याला तुमचा भाव तुमच्या आधी कळतो, तो साइटवर अवलंबून नसतो. "भावासाठी संपर्क करा" हे वाचून निम्मी माणसं संपर्क करत नाहीत असा आमचा अनुभव.

जिथे भाव रोज हलतो तिथे भावासोबत तारीख आणि वेळ हवीच. सोन्याचं दुकान असेल तर भाव २२ कॅरेटचा की २४ चा, दहा ग्रॅमचा की एका ग्रॅमचा, ३ टक्के जीएसटी आणि मजुरी धरून की वेगळी, हे त्याच ओळीत लिहा. दागिन्याच्या पानावर एचयूआयडीचा उल्लेख ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने त्या सहा अक्षरी-अंकी क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत आणि जाणकार गिऱ्हाईक तो विचारतंच. केळीचा भाव क्विंटलचा, पण नवतीचा (नव्या लागवडीचा) की पिलबागेचा (खोडव्याचा) ते लिहा, नाहीतर बांधावर भांडण.

रोज बदलायला माणूस नसेल तर रोजचा भाव टाकूच नका. परवाचा भाव दाखवून आलेल्या माणसाला परत पाठवणं, भाव न दाखवण्यापेक्षा महाग पडतं. अशा वेळी "साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा पल्ला द्या.

११. ऑर्डरचा फॉर्म लोक अर्धवट सोडून जातात. का?

फॉर्म परदेशी साच्यातून आलेला असतो म्हणून. त्यात फर्स्ट नेम, लास्ट नेम, स्ट्रीट, ॲड्रेस लाइन टू, झिप. आपल्याकडचा पत्ता मु. पो., ता., जि. असा चालतो. वाकोदच्या माणसाने स्ट्रीटमध्ये काय भरावं? एकाने "आमच्या गल्लीला नाव नाही" असंच लिहून पाठवलं होतं. कुरिअरवाल्याला ते तसंच छापून गेलं.

आम्ही आता एवढंच ठेवतो: पूर्ण नाव एकाच चौकटीत, मोबाइल, पिनकोड, गाव, तालुका आणि जवळची खूण. पिनकोड टाकला की जिल्हा आणि राज्य आपोआप भरलं जावं. गाव मात्र आपोआप भरू नका, कारण एकाच पिनकोडात कितीतरी गावं असतात आणि यादीतलं पहिलं गाव तसंच राहून पार्सल भलतीकडे जातं. ईमेल सक्तीचा नको. ज्याच्याकडे नाही तो मुलाचा टाकतो आणि पावती पुण्याला जाते.

मोबाइलच्या चौकटीवर बोट ठेवताच आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. कुणी +९१ लावतं, कुणी आधी शून्य, कुणी मध्ये जागा सोडतं. सगळं स्वीकारा, साफसफाई तुमच्या यंत्राने करावी. मराठी कीबोर्डवाल्यांचा एक आजार साइट बनवणाऱ्यांना सुचत नाही: तो कीबोर्ड देवनागरी आकडे टाकतो. ९८ हे आकडे माणसाला दिसतात, फॉर्मला कळत नाहीत, आणि "अवैध क्रमांक" म्हणून लाल अक्षरं येतात. माणूस तोच नंबर तीन वेळा टाकतो आणि निघून जातो.

चूक सांगायची ती त्या चौकटीखालीच आणि सरळ मराठीत: "पिनकोड सहा आकडी हवा, तुम्ही पाच टाकलेत." आणि चूक झाली म्हणून आधी भरलेलं सगळं पुसू नका. हे करणाऱ्या साइटी अजून आहेत.

१२. पैसे घेण्यासाठी क्यूआर लावला आहे, तरी लोक फोन करून "पैसे कसे टाकू?" विचारतात.

कारण माणूस ज्या मोबाइलवर साइट बघतो त्याच मोबाइलने तो क्यूआर स्कॅन करायचा तरी कसा? दुकानात काउंटरवर लावलेला क्यूआर चालतो, साइटवर तो कॉम्प्युटरवाल्यांपुरताच. मोबाइलसाठी "यूपीआयने पैसे द्या" असं बटण लावा, जे फोनमधलं ॲप थेट उघडतं आणि रक्कम भरून देतं. शेजारी यूपीआय आयडी कॉपी करता येईल असा अक्षरांत ठेवा.

आणखी एक गोष्ट जी आम्हाला उशिरा कळली. दुकान एका नावाचं आणि बँकेचं खातं वहिनींच्या नावाचं असतं. ॲपमध्ये भलतंच नाव दिसलं की माणूस घाबरून मागे येतो. आजकाल फसवणुकीच्या एवढ्या गोष्टी ऐकतो, त्याची चूक नाही. बटणाखाली लिहा: "पैसे देताना अमुक नाव दिसेल, ते आमचंच खातं आहे." त्याहून बरं, दुकानाच्या नावाचं चालू खाते काढा.

१३. पत्ता आणि नकाशा दिला आहे, तरी माल भलतीकडे जातो.

"जळगाव" एवढं लिहू नका, जिल्हा आणि पिनकोड लिहा. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे आणि ट्रकवाल्याने तिकडे निघाल्याचं आम्ही ऐकलं आहे. पिंप्री, वडगाव, निंभोरा या नावांची गावं तर तालुक्यागणिक सापडतात.

नकाशातली खूण दुकानाच्या दारावर हवी, मागच्या गल्लीत नको. ती स्वतः मोटारसायकलवर जाऊन तपासा. शिवाय चार ओळी शब्दांत: अजिंठा चौफुलीवरून कोणत्या हाताला, समोर काय आहे, ट्रक आत वळतो का, गाडी कुठे लावायची. आडतीच्या किंवा डाळ मिलच्या साइटवर ट्रकचा प्रश्न सगळ्यांत आधी.

१४. वयस्कर किंवा कमी दिसणाऱ्या माणसांसाठी वेगळी साइट करावी का?

वेगळी नको, आहे तीच नीट करा. मागच्या रंगावर अक्षर किती उठून दिसतं याचं प्रमाण साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या मथळ्याला ३ ला १. ऑनलाइन तपासनीस फुकट आहेत. पांढऱ्यावर फिकट राखाडी आणि पिवळ्यावर पांढरं ही दोन पापं सगळ्यांत जास्त.

याचा फायदा फक्त आजोबांना नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना बांधावर उभं राहून मोबाइल बघणाऱ्या पंचविशीतल्या पोरालाही फिकट अक्षरं दिसत नाहीत.

अंध व्यक्ती अँड्रॉइडवर टॉकबॅक, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए अशी वाचून दाखवणारी साधनं वापरतात. प्रत्येक फोटोला वर्णन द्या आणि नुसत्या चिन्हाच्या बटणालाही नाव द्या. आपल्या फोनवर टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून, स्वतःच्या दुकानाला फोन लावून बघा. आधी तो बंद कसा करायचा ते मात्र शिकून घ्या, मी पहिल्यांदा अर्धा तास अडकलो होतो.

१५. साइट सोपी झाली हे कळायचं कसं?

पाच माणसं पुरतात. साइट वापरायला सोपी कशी होते याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच हे मांडलं: पहिल्या चार-पाच जणांतच बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात, पुढचे त्याच त्याच दाखवतात. माणसं मात्र घरची नकोत, आणि मोबाइल त्यांचा स्वतःचा हवा.

एक काम सांगा, "१६ एमएमच्या नळीचा भाव काढा", आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड. सावद्याकडचे एक काका आमच्यासमोर बसले होते, मोबाइलच्या काचेला तडा. नळीच्या फोटोवर त्यांनी तीन वेळा बोट दाबलं, कारण तो बटणासारखा दिसत होता. काही उघडेना. दुकानमालक बाजूला चुळबुळ करत होता, "काका, खाली..." म्हणायला तोंड उघडलं तेव्हा मी त्याचा गुडघा दाबला. काकांनी खाली सरकवलं, वर सरकवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "फोनच लावतो ना भो, याच्यात काय पाहायचं." त्याच संध्याकाळी आम्ही सगळे फोटो दाबता येतील असे केले.

१६. गर्दी व्हावी म्हणून "फक्त २ शिल्लक" आणि उलटं चालणारं घड्याळ लावू का?

खरोखर दोनच शिल्लक असतील तर लावा. खोटं असेल तर तो आता नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई, टोपलीत न मागता माल टाकणं, शेवटच्या पायरीवर जास्तीचे पैसे उघड करणं, नकार देणाऱ्याला लाजवणं हे सगळं त्यात आहे. वाहतुकीचा खर्च मालाच्या भावाशेजारीच सांगा. आपल्याकडचं गिऱ्हाईक पन्नास रुपयांसाठी भांडत नाही, लपवलेल्या पन्नास रुपयांसाठी भांडतं.

१७. आम्ही बचत गटाच्या बाया पापड-बिबडे ऑनलाइन विकतो. साइटवर काय लिहायलाच हवं?

एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि एमआरपी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि संपर्कही हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवायची नाही. माल परत घेणार की नाही हे भावाच्या पानावरच लिहा. बिबडे फुटून आले तर काय, हा प्रश्न हमखास येतो, ताई. त्याचं उत्तर आधीच द्या.

१८. आमचा माल हंगामीच असतो. बाकीचे महिने साइट बंद ठेवावी का?

नको. ज्वारीचे बिबडे उन्हाळ्यात वाळतात, भरताची वांगी थंडीत बहरतात, पण लोक वर्षभर शोधतात. पान काढून टाकलं की गूगलवरून आलेला माणूस "पान सापडले नाही" या भिंतीवर आदळतो. पान ठेवा, वर ठळक लिहा: "या वर्षीचे बिबडे संपले. पुढची ऑर्डर फेब्रुवारीपासून." खाली नंबर सोडायची चौकट. खरेदीचं बटण मात्र काढा. राखाडी करून ठेवलं तर लोक दाबत राहतात (काका आठवा, प्रश्न १५).

१९. वाटणी झाली. आता माझं आणि मोठ्या भावाचं, दोघांचं दुकान एकाच नावाने, एकाच रस्त्यावर आहे. साइटवर काय लिहू?

हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतो आणि कुठल्याच परदेशी पुस्तकात याचं उत्तर नाही. "मूळ दुकान" असं दोघंही लिहितात, त्याने गोंधळ वाढतोच. भांडण कोर्टात असेल तर शब्द वकिलांना विचारून लिहा. नसेल तर गिऱ्हाइकाला दार ओळखू येईल एवढंच बघा: पाटीचा ताजा फोटो, समोरची खूण, फोन करणाऱ्याला कोण उचलेल ते नाव, आणि जुनी पावती घेऊन आलेल्याने कुणाकडे जायचं ते. वॉरंटीचा माल असेल तर शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. ऑर्डरच्या पानावर पैसे कुणाच्या खात्यात जातील तेही (प्रश्न १२).

अशाच एका ठिकाणी दोन्ही साइटी आम्हीच केल्या. महिनाभर कोणी बोलेना. मग धाकट्याने आपल्या पानावर ओळ टाकायला सांगितली: "समोरचं दुकान दादांचं आहे, ते वेगळं आहे. मोटर रिवाइंडिंग तिकडे होतं." चार दिवसांनी दादांचा फोन आला. त्यांना त्यांच्या पानावर तशीच ओळ हवी होती, फक्त "धाकट्याचं" असं लिहून.